नऊ कोरे रकाने

१२ जानेवारी १९५३, सोमवार

चार वर्षांपूर्वी डायरी सोडली होती. रोज तेच ते लिहायचं तरी काय, टाक, शाई, पाच रेघा आणि त्यांवरचे ठिपके. पण या घरात कुणी बोलतच नाही. वहीशी तरी बोलावं, नाहीतर वसंत ऋतू येईपर्यंत माझी जीभ गंजून जायची.

विल्हो रांतामो यांच्या पाचव्या सिंफनीच्या प्रती काढायला मी त्यांच्या घरी आले आहे. मास्तरांच्या एका मूळ प्रतीवरून सत्तर वादकांसाठी ज्याचं त्याचं वेगळं लिखाण उतरवायचं. बावीस वर्षं हेच करते आहे. दहा एप्रिलला हेलसिंकीत पहिला कार्यक्रम. अकरा वर्षांत मास्तरांनी एकही मोठी रचना पुरी केलेली नाही, त्यामुळे सगळ्यांचे कान इकडे लागलेत. हे काम नीट पार पडलं तर वाद्यवृंदाच्या प्रतीखान्याची प्रमुख म्हणून कायमची जागा माझी, असं छडी हाती घेऊन वाद्यवृंद चालवणारे संचालक एक्लुंड यांनी तोंडी कबूल केलंय. तांपेरेच्या त्या गारठलेल्या खोलीत बोटांवर फुंकर घालत बसणं मग संपेल.

स्टेशनवर मास्तरांच्या पत्नी, सिल्वीबाई, घोड्याची बर्फगाडी घेऊन आल्या होत्या. गोठलेल्या तळ्यावरून निघालो. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "एक सांगून ठेवते, आउनेबाई. त्यांना काही विचारायचं नाही. कुठवर आलं, कधी होईल, काही नाही. पान झालं की ते बाहेरच्या खोलीतल्या संदुकीवर ठेवतात. तुम्ही उचलायचं."

"आणि काही अडलं तर?"

"कुणाचं अडत नाही," म्हणाल्या आणि घोड्याला चुचकारलं.

मला हा नियम आवडला. बडबड्या संगीतकारांनी आजवर मला काही कमी छळलेलं नाही.

१९ जानेवारी

मास्तरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वर पानांवर कॉफीचे डाग, पाइपची राख, कडेला पेन्सिलीच्या फुल्या, गोळे, एकदा चक्क मांजर. मी आधी पावाच्या मऊ गोळ्यानं पान पुसून काढते, मगच टाक उचलते.

दोन उभ्या रेघांमधल्या जागेला मी रकाना म्हणते. जे वाद्य वाजत नसेल त्याचा रकाना मास्तर कोराच सोडतात. बहुतेक संगीतकार तेच करतात. कोरा म्हणजे गप्प, हे आम्हाला कळतं आणि विरामाची खूण आम्ही घालतो. बावीस वर्षांत माझ्या प्रतीत कुणी चूक काढलेली नाही. तुर्कूच्या एका ट्रंपेटवाल्यानं एकदा काढली होती, ती त्याच्या चष्म्याची निघाली.

मास्तर उंच आहेत, वाकलेले, अडुसष्ट वर्षांचे. आठवड्यात माझ्याशी चार शब्द बोलले. त्यातले दोन "मीठ" होते.

३१ जानेवारी, शनिवार

शनिवार म्हणजे सौना, वाफेची आंघोळ. आधी मास्तर एकटे, मग आम्ही दोघी. एरवी मुक्या असणाऱ्या सिल्वीबाई वाफेत मोकळ्या होतात.

"चौतीस वर्षं झाली लग्नाला," म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी एकदा विचारलं, हे असं अर्ध्यावर का संपवलंत म्हणून. तीन आठवडे पियानोचं झाकण उघडलं नाही त्यांनी. तेव्हापासून आपलं 'कॉफी?' एवढंच विचारते." आणि स्वतःच हसल्या.

मग भूर्जाच्या डहाळ्यांच्या जुडीनं माझी पाठ झोडपता झोडपता हळूच म्हणाल्या, "पानं बरी येताहेत ना?"

मी त्यांना स्पष्टच सांगितलं, "सिल्वीबाई, आम्ही वाचलेलं बाहेर बोलायचं नसतं. डॉक्टरसारखंच आहे ते."

"हो हो, खरंय," म्हणाल्या, आणि तापल्या दगडांवर इतकं पाणी ओतलं की मला खालच्या पायरीवर उतरावं लागलं. चांगल्या आहेत, पण धंद्याची शिस्त त्यांना कुठून ठाऊक असणार.

१० फेब्रुवारी

आजच्या चौऱ्याऐंशीव्या पानानं अंगावर काटा आला. तिसरा भाग. खर्जातले चेलो हळूहळू चढत जातात, हॉर्न येऊन मिळतात, सगळा वाद्यवृंद एका कड्याच्या टोकाशी येऊन उभा राहतो, आणि मग नऊ रकाने कोरे. एका वाद्याचे नाहीत, सगळ्यांचे. वरपासून खालपर्यंत पान पांढरंफटक. पुढच्या पानावर व्हायोलिनं पुन्हा सुरू होतात, अगदी मंद, काहीतरी ऐकून झाल्यावर माणसानं बोलायला लागावं तशी.

सत्तर माणसं वाद्यं हातात धरून नऊ रकाने गप्प बसणार. हे आमच्याच लोकांना सुचू जाणे. आमच्याकडे लग्नं याहून लांब शांततेत ठरतात. किती धाडसी आहे हा म्हातारा.

विचारावं का, असं क्षणभर वाटलं. पण नियम तो नियम, आणि बावीस वर्षं हे काम केलेल्या बाईनं "हे कोरं का" म्हणून विचारायला जायचं म्हणजे हसंच. प्रत्येक वाद्याच्या प्रतीत नवाचा ठसठशीत विराम घातला. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक फुली होती, ती इतर डागांबरोबर पुसली. मूळ प्रत एक्लुंडना जायची आहे, स्वच्छ हवी.

१२ फेब्रुवारी

मास्तर आज माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पहिल्यांदाच.

"चौऱ्याऐंशीवं पान झालं का?"

"झालं, मास्तर."

"सगळं?"

"सगळं."

बराच वेळ चौकटीचं लाकूड नखानं खरवडत राहिले. "काही अडचण नाही आली?"

"कसलीच नाही," मी म्हटलं. थोडं ताठ्यानंच म्हटलं. इतक्या वर्षांत माझी अशी परीक्षा कुणी घेतली नव्हती.

"बरं," म्हणाले. "बाहेर वारा आहे आज." आणि गेले. माझ्यावर खूश दिसले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चाळीस दिवसांच्या उपवासाचा आदला दिवस, म्हणून वाटाण्याचं सूप. गावातली मुलं उतारावरून घसरत होती. सिंफनी बहुधा पुरी झाली आहे, कारण मास्तर आता रोज तळ्यावर जाऊन बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. सकाळी नऊला जातात, अंधार पडता पडता येतात. मासा एकही नाही. माणसानं काम संपल्यावर अशीच विश्रांती घ्यावी.

आज त्यांना जेवायला बोलवायला मी गेले. पाठ माझ्याकडे होती. तिसऱ्या भागातलं ते चढणं शीळ घालून वाजवत होते. कड्याच्या टोकाशी आले आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबले. असं सहा-सात वेळा. या वयात दम पुरत नाही, शिवाय थंडी उणे अठरा.

४ मार्च

जेवताना एकाएकी मास्तर म्हणाले, "आउनेबाई, प्रत काढताना तुम्ही कधी मनात म्हणता का, की इथं अमुक यायला हवं होतं?"

सिल्वीबाईंचा चमचा हवेतच राहिला.

"छे हो, मास्तर," मी म्हटलं. "ते माझं काम नाही. जे आहे ते उतरवायचं. जे नाही त्याच्याशी मला काय करायचंय?"

"बरोबर," मास्तर म्हणाले. "अगदी बरोबर." बशीकडे बघत राहिले. सिल्वीबाई उठून कॉफी आणायला गेल्या, पण कपात कॉफी होती.

नंतर मला जरा वाईट वाटलं. त्यांना कदाचित कौतुक हवं होतं. पण माझ्या तोंडून ते पटकन निघत नाही, काय करू.

२७ मार्च

प्रती खोक्यात भरल्या, खिळे ठोकले. मास्तर गाडीपर्यंत आले. खोक्यावर हात ठेवून उभे राहिले, कोट न घालता. "गेलं म्हणायचं," म्हणाले.

"गेलं. सगळं जागच्या जागी आहे," मी म्हटलं.

माझ्याकडे त्यांनी असं काही पाहिलं की मला वाटलं आता आभार मानणार. पण घोडा निघाला.

७ एप्रिल, मंगळवार, हेलसिंकी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पहिली तालीम. मी व्यासपीठाच्या कडेला, प्रतीखान्याच्या बाकावर. मास्तर खाली रिकाम्या सभागृहात बाराव्या रांगेत, टोपी मांडीवर. शेजारी सिल्वीबाई.

तिसरा भाग आला. चेलो चढले, हॉर्न आले, आणि नऊ रकाने. एक्लुंडनी छडी खाली घेतली, नुसत्या बोटानं मोजू लागले. कुणी हललं नाही. छपरावरचं बर्फ वितळून पन्हळीतून पाणी ठिबकत होतं, तेवढं ऐकू येत होतं. आयुष्यात मी इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्या हातचं होतं. डोळे भरून आले. मग व्हायोलिनं आली.

एक्लुंडनी थांबवलं. ते सहसा कुणाची स्तुती करत नाहीत. वळून म्हणाले, "रांतामो, चाळीस वर्षांत असं काही माझ्या हाताखालून गेलं नाही. असंच आहे ना? पुरे नऊ?"

मास्तर काही बोलले नाहीत. आमच्याकडे गप्प राहणं म्हणजे होकारच. एक्लुंडनी मान डोलावली आणि पुढे सुरुवात केली.

तेव्हा मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला कळला असता, राग मी पुष्कळ पाहिलाय. परीक्षेत दुसऱ्याचं बघून लिहिलेल्या पोराला पहिला नंबर मिळावा, तसा तो चेहरा होता. मग मला सगळं एकदम दिसलं. दाराची चौकट खरवडणारं नख, ती शीळ, हवेत राहिलेला चमचा. सौनातल्या सिल्वीबाईसुद्धा. तीन महिने ही दोन माणसं मला सांगत होती, आणि मी त्यांना धंद्याची शिस्त शिकवत होते. ते नऊ रकाने शांतता नव्हती. तिथं काही सुचलंच नव्हतं.

इथं खोटं लिहिणार नाही. मी लगेच उठले नाही. मला ती जागा दिसत होती, प्रतीखान्यातलं ते खिडकीजवळचं टेबल, खाली गरम पाण्याचे नळ. वादकांनी आणखी तीसेक रकाने वाजवले तोवर मी बसूनच होते. मग उठले.

"थांबा," मी म्हटलं. आवाज चिरका आला. "ते विराम माझे आहेत. मास्तरांनी जागा कोरी सोडली होती. फुली होती तिथं, मी पुसली. विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

एक्लुंड म्हणाले, "आउनेबाई, आपण काय बोलताय ते कळतंय का आपल्याला?"

"कळतंय."

मग मास्तर उभे राहिले. टोपी खाली पडली. "खरं आहे ते," म्हणाले. "मला जमलं नाही. दोन वर्षं जमत नाहीये. वाटलं होतं, कुणीतरी विचारेल हे काय आहे म्हणून, मग सांगेन. कुणी विचारलं नाही. मग मलाही वाटायला लागलं, की असेल बुवा शांतता."

सत्तर माणसं गप्प. या वेळी कुणी मोजत नव्हतं. सिल्वीबाईंनी वाकून टोपी उचलली आणि झटकत बसल्या.

ओबो हे सनईच्या जातीचं वाद्य वाजवणारे म्हातारे पेल्लिनेन यांनी तोंडातली त्याची पत्ती काढली आणि विचारलं, "काय यायला हवं होतं तिथं, मास्तर?" रस्त्यात वेळ विचारावी तसं.

"सांगता येत नाही."

"नका सांगू. वाजवायचं कुणी, ते तरी सांगा."

मास्तरांनी वादकांच्या रांगांवरून नजर फिरवली. "ओबोनं. बहुधा."

"म्हणजे माझ्याच बोडक्यावर," पेल्लिनेन कुरकुरले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि मास्तर खुर्च्यांच्या रांगांतून वाट काढत व्यासपीठाकडे यायला लागले.

८ एप्रिल

एक्लुंडनी दोन दिवस दिलेत. माझ्याशी बोलत नाहीत.

हॉटेलच्या बैठकीतल्या पियानोपाशी मास्तर, बाजूला मी, कोपऱ्यात विणकाम घेऊन सिल्वीबाई. प्रश्न विचारायची मला सवय नाही. पण मास्तर तासभर नुसते बसून राहिले तेव्हा म्हटलं, "ते चढतं की उतरतं?"

"मूर्खासारखं विचारू नका."

"बरं. नऊच रकाने का आहेत?"

"पान तिथं संपत होतं. पानाच्या टोकापर्यंत रेघा मारल्या."

"म्हणजे नवाला काही कारण नाही?"

"नाही."

"मग ते लांब आहे की आखूड?"

"आखूड," ते चिडून म्हणाले. "आखूड आहे," पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःशीच. "देवा. दोन वर्षं मी नऊ रकाने भरत बसलो होतो."

मग कोपऱ्यातून सिल्वीबाईंनी, मान वर न करता, विचारलं, "संपतं कुठं ते?"

मास्तरांनी झाकण बंद केलं नाही. "ये इकडे," म्हणाले, "दाखवतो." त्या सुयांसकट जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. मी उगाचच शाई आणायला बाहेर गेले, आणि जिन्यात उभी राहून पोटभर रडले.

९ एप्रिल

चार रकाने झाले. चारच. उरलेले पाच काढून टाकले. दिवसभर सगळ्यांच्या प्रतींवर चिठ्ठ्या डकवत होते, बोटांना खळीचा वास येतोय. नवाचा ठसठशीत विराम, माझ्या सर्वात सुंदर अक्षरातला, प्रत्येक प्रतीत माझ्याच हातानं झाकला.

१० एप्रिल, शुक्रवार

कार्यक्रम झाला. पेल्लिनेननी ते चार रकाने इतके साधे वाजवले की आले कधी आणि गेले कधी, कळलं नाही. कुणी घराच्या दारातून हाक मारून आत जावं, तेवढंच. मास्तर डोळे मिटून होते, सिल्वीबाई मात्र त्यांच्याकडे बघत होत्या.

सुंदर होतं. पण मंगळवारची शांतता याहून सुंदर होती. हे मी कुणाला सांगणार नाही.

११ एप्रिल

वर्तमानपत्रांनी बरं लिहिलंय, जीव ओतून नाही. एकानं तर तिसऱ्या भागात मध्यावर किंचित घाई झाली म्हटलंय.

प्रतीखान्याच्या बोळात एक्लुंड भेटले. "तोंड मिटून बसला असतात, तर काल इतिहास झाला असता," म्हणाले. "त्यांचा, आणि माझाही. त्यांनीही एव्हाना ते आपलंच मानलं असतं."

कदाचित त्यांचंच बरोबर असेल. पण त्या कौतुकानंतर मास्तरांचा चेहरा कसा झाला होता ते त्यांनी पाहिलं नाही, तोवर त्यांनी पाठ फिरवली होती.

१७ एप्रिल, तांपेरे

वाद्यवृंदाच्या चिटणिसांचं पत्र आलं. जागेसाठी "अधिक योग्य व्यक्ती" मिळाली आहे. भाषा अत्यंत सभ्य. बावीस वर्षांत पहिली चूक झाली आणि ती मीच भर सभेत ओरडून सांगितली, आता कोण घेणार मला. दुपारभर अंथरुणात पडून राहिले. खूप वाईट वाटतंय. शहाणपण बिहाणपण काही सुचत नाही, नुसतं वाईट वाटतंय.

२३ एप्रिल, गुरुवार

सकाळी इमारतीच्या रखवालदारीणबाई जिन्यातून हाका मारत आल्या, तुमचा फोन आहे, लांबचा. खाली त्यांच्या खोलीत गेले.

सिल्वीबाई होत्या. हवापाणी झालं, तळ्यावरचं बर्फ काळं पडलंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे नवीन काहीतरी लिहायला बसलेत, सारखं विचारताहेत तुम्ही कधी येणार. मी म्हटलं, मला काय विचारता, त्यांनाच विचारा. इथंच उभे आहेत. देते."

फोन हातातून हातात गेला. पलीकडून नुसता श्वास. इकडून माझाही. रखवालदारीणबाई भांडी घासायच्या थांबल्या, लाइन तुटली की काय म्हणून.

एरवी मी वाट पाहिली असती. त्यांनीही पाहिली असती, आणि दोघांनी मिळून ट्रंक कॉलची सबंध तीन मिनिटं गप्प बसून काढली असती.

"मास्तर," मी म्हटलं, "काय अडलंय?"

"सगळंच अडलंय, आउनेबाई," ते म्हणाले. इतक्या आनंदानं म्हणाले की मला हसू आवरेना. "पहिल्या पानापासून."

मी पायानं स्टूल ओढलं आणि बसले.

"सांगा," म्हटलं.